वाट उघडी ठेवायला माणसं कशी लावावीत? साताऱ्यातल्या एका चढाई गटाच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सातारा शहर आणि वाई भागातल्या प्रस्तरारोहकांचा तुमचा गट आहे. गेल्या उन्हाळ्यात कड्याखालच्या वाडीने पायवाट बंद केली, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बघता बघता साठ-सत्तर जण जमले. बोलणी झाली, वाट उघडली आणि आता कामाला तेच चौघे उरलेत. स्वयंसेवक कसे जोडावेत, कसे टिकवावेत, वर्षाची आखणी कशी करावी, हे तुम्हाला हवंय. जोडीला नोंदणी, बोल्टिंग (म्हणजे कातळात भोक पाडून कायमचे बोल्ट ठोकणं) आणि टी-शर्ट यांबद्दलही विचारलंय.

माझ्या मते तुमच्याकडे माणसं कमी नाहीत. कामं मांडलेली नाहीत, म्हणून माणसं कमी वाटतात. ‘मदतीला या’ म्हटलं की ‘नक्की, कळवा’ असं उत्तर येतं आणि विषय तिथेच मिटतो. याउलट ‘येत्या गुरुवारी अकरा वाजता वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात हे पत्र देऊन पोच आणायची आहे’ असं म्हटलं, तर साठातला कोणीतरी हमखास हात वर करतो. आधी कामांची यादी, मग माणसांची. बहुतेक गट नेमकं उलटं करतात: आधी समिती, पदं, बोधचिन्ह, आणि कामं आली की बघू.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तुमची सगळी आखणी चढाईच्या रविवारांभोवती फिरते. पण कोणी कातळ चढतंय म्हणून वाट बंद झाल्याचं मी तरी कधी पाहिलेलं नाही. ती बंद होते खाली, रस्त्यावर. आपला चढाईचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच, दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्चपर्यंत. वळणावर तुमची एक चारचाकी आडवी लागली की उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अडकतो, मागे दुसरा येऊन थांबतो, आणि त्या दिवशी वाडीत तुमच्याबद्दल जे बोललं जातं ते पुढचं वर्षभर टिकतं. वाई-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांतून केलेला शॉर्टकट, देवळाच्या पायरीवर बूट घालून बसणं, विहिरीवर तोंड धुणं, मोठ्याने गाणी लावणं, ही तुमच्या अडचणींची खरी ठिकाणं. म्हणून पहिला स्वयंसेवक दोराच्या टोकाला लावू नका, गाड्या लावायच्या जागी लावा. चढाईच्या प्रत्येक दिवशी एक माणूस सकाळी पहिला तास तिथे उभा राहील. तो त्या दिवशी उशिरा चढेल, चालतं. हे काम कोणालाच आवडत नाही, म्हणून ते पाळीने फिरलं पाहिजे, आणि सगळ्यांत जुन्या-जाणत्यांची पाळी आधी लागली पाहिजे. नवख्यांवर ढकललंत तर दोन महिन्यांत ते काम बंद पडेल.

आता जमिनीचं. कड्याचा पायथा, वर जाणारी वाट आणि माथा यांचे मालक बहुधा वेगवेगळे असतात. खाली कोणाचं तरी खासगी रान, मध्ये गायरान, वर वनखात्याची हद्द, कधी देवस्थानची इनाम जमीन. सातबारा ऑनलाइन बघता येतो, पण गट नंबर माहीत हवा आणि तो नकाशाशी जुळवावा लागतो. हे काम एका माणसाला एका महिन्याच्या मुदतीने द्या. चढाई येणारा माणूसच हवा असं नाही, कागद वाचायची सवय असलेला हवा. निवृत्त तलाठी, वकिली शिकणारी मुलगी, भूमापनात काम केलेलं कोणी, अशी माणसं साताऱ्यात सहज भेटतात आणि त्यांना कोणी कधी काही विचारत नाही. मालकी कळल्याशिवाय परवानगी कोणाकडे मागायची तेच ठरत नाही. सरपंचांनी ‘हो’ म्हटलं आणि जमीन निघाली वनखात्याची, तर त्या होकाराला कागदावर किंमत नाही. उलटही खरं आहे. वनखात्याचं पत्र खिशात आहे म्हणून सरपंचांना न भेटता वर गेलात, तर पत्र खिशातच राहील.

काही जागा यादीतून आधीच काढून टाका. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वासोट्याला बामणोलीहून लाँचने जायचं तर वनखात्याची परवानगी लागते आणि संध्याकाळच्या आत परतावं लागतं. तिथल्या बाबू कड्याकडे बघून हात शिवशिवतात हे मान्य, पण स्वयंसेवकांचे तास तिथे घालवण्यात अर्थ नाही. संरक्षित स्मारकांचंही तसंच. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८चा आहे, २०१०च्या दुरुस्तीनंतर केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटर हे बांधकामासाठी प्रतिबंधित क्षेत्र आहे, आणि तटबंदीखालच्या कातळात ड्रिल लावणं हा वाद ओढवून घेण्याचा सोपा मार्ग आहे. प्रतापगड तर २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. जिल्ह्यात कडे भरपूर आहेत. किल्ल्यांचे सोडून दुसरे धरा.

वर्षाची आखणी जानेवारीपासून करू नका, पाऊस संपल्यापासून करा. पावसाळ्यानंतरचं पहिलं काम पाहणीचं. आपला बसाल्ट कडक आहे खरा, पण दोन लाव्हा थरांच्या मध्ये जो तांबडा, मातकट थर असतो तो पावसात भिजून सुटतो आणि त्याच्यावरचे दगड लोंबकळत राहतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात अनुभवी चौघांनी माथ्यावरून दोर लावून चढाईच्या सगळ्या मार्गांवर उतरायचं, सैल दगड, वाढलेलं गवत आणि जुने अँकर (दोर बांधायचे पक्के आधार) बघायचे, आणि ते होईपर्यंत गटातल्या कोणीही चढायचं नाही. खाली गुरं चरत असतील तर दगड पाडण्याआधी गुराख्याला सांगायला एक माणूस पायथ्याला हवा. त्याच फेरीत आग्या मोहोळं कुठे लागलीत त्याची नोंद करा. पावसाळा संपला की ती कड्यांवर पुन्हा यायला लागतात, आणि ऑक्टोबरात मोकळा दिसलेला मार्ग डिसेंबरात तसाच असेल याची खात्री नसते. म्हणून चढाईच्या आदल्या दिवशी दुर्बिणीने कडा बघून ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच कळवणारा माणूस लागतो. वाडीतला एखादा मुलगा हे उत्तम करतो. त्याच्याबद्दल पुढे लिहितो.

नोव्हेंबर वाटेच्या दुरुस्तीचा. जमीन अजून मऊ असते, दगड बसतात, पाण्याला आडवे चर काढता येतात. हे श्रमदान ठरलेल्या मुदतीचं ठेवा. सातारा जिल्ह्याला श्रमदान शिकवायला नको. २०१६च्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावांच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. ४५ दिवसांची ती स्पर्धा होती. शेवट कधी ते माहीत असलं की माणूस उन्हातही टिकाव धरतो, आणि ‘दर रविवारी श्रमदान’ म्हटलं की तिसऱ्या रविवारी पाचच जण उरतात. तेव्हा नोव्हेंबरातले दोन रविवार, सकाळी सात ते दहा, एवढंच जाहीर करा. दहाला खरोखर थांबा. काम उरलं तरी थांबा.

डिसेंबर ते एप्रिल हा कड्यांवर घरटी करणाऱ्या शिकारी पक्ष्यांचा काळ. शाहीन ससाणा, मोठं शृंगी घुबड यांची वीण आपल्या ऐन हंगामात येते. शाहीन वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे घरट्याला त्रास दिला तर प्रकरण समजावणीवर मिटणार नाही. अख्खा कडा बंद करायची गरज सहसा नसते, घरट्याच्या दोन्ही बाजूंचे काही मार्ग पिल्लं उडेपर्यंत सोडले की भागतं. पण घरटं कुठे आहे ते आधी कळलं पाहिजे. साताऱ्यात पक्षी बघणारी मंडळी बरीच आहेत आणि त्यांची आपल्यावर खप्पामर्जीही आहे. त्यांना तक्रार करायची वेळ येण्याआधीच बोलवा, कड्याचा फोटो द्या आणि ‘कोणते मार्ग बंद ठेवायचे ते तुम्ही ठरवा, आम्ही पाळू’ असं सांगा. मग खरंच पाळा. मला विचाराल तर एवढ्या एका गोष्टीने वनखात्याचा तुमच्याकडे बघायचा सूर बदलतो, कारण त्यांना आयती नोंद मिळते.

फेब्रुवारीपासून वणव्यांची भीती. जाळरेषा काढणं, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवताचा पट्टा आधीच जाळून टाकणं, हे वनखात्याचं काम आहे, आपण परस्पर काडी लावायची नाही. पण वनरक्षकाला विचारून, तो सांगेल तिथलं गवत कापायला दहा माणसं दिलीत, तर त्याची आठवण वर्षभर राहते. एका वनरक्षकाकडे केवढं रान असतं ते एकदा त्याच्याबरोबर फिरून बघा. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा. त्या आठवड्यात चढाई बंद. यात्रेला मात्र जा. इकडच्या गावांत एक गोष्ट बाहेरच्यांना उमगत नाही: गावातले बरेच निर्णय मुंबईला राहणाऱ्या मंडळींच्या संमतीने होतात, विशेषतः देऊळ आणि देवस्थानच्या जमिनीबद्दलचे. मुंबई मंडळ यात्रेला येतं. वर्षातून एकदाच सगळे एका जागी भेटतात. तुम्ही वर्षभर सरपंचांशी बोललात आणि मुंबईकरांना पहिल्यांदा तुमच्याबद्दल कळलं ते कोणाच्या तरी रीलमधून, तर काय होईल ते सांगायला नको.

जून ते सप्टेंबर कडा बंद, पण कागदपत्रांना हाच वेळ. ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा धरा: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. चारही दिवशी सुट्टी असते आणि गटातले सगळे नेमके बाहेर भटकायला जातात. चारपैकी निदान १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला दोन माणसं त्या गावात हवीत. मागे बसायचं, विचारलं तर बोलायचं. येत्या हंगामात कधी येणार, किती जण येणार, गाड्या कुठे लावणार, एवढं एका पानावर लिहून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) द्यायचं आणि पोच घ्यायची.

ही दोन माणसं कोण, यावर मी तुमचं सगळ्यांत जास्त लक्ष वेधीन. प्रत्येक वाडीसाठी दोन ठरलेले चेहरे हवेत आणि ते किमान दोन वर्षं बदलता कामा नयेत. बाकीची सगळी कामं पाळीने फिरवा, हे फिरवू नका. गावातली माणसं गटाशी बोलत नाहीत, ओळखीच्या माणसाशी बोलतात. दर वेळी नवा पोरगा ‘आम्ही अमुक गटाचे’ म्हणत गेला तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. दोघंच का, तर एकटा माणूस म्हणजे एकखांबी तंबू. त्याची पुण्याला बदली झाली की वाडीशी नातं संपलं. आणि साताऱ्याची पोरं पुण्याला जाणारच, शंभरेक किलोमीटरवर नोकऱ्या आहेत. ते गृहीत धरूनच आखणी करा. दोघांपैकी एक जण साताऱ्यातच पोट असलेला घ्या: शिक्षक, दुकानदार, शेतकरी. हा माणूस उत्तम चढणारा नसेल तर बरंच. उत्तम चढणाऱ्यांचं लक्ष सतत कड्याकडे असतं, समोरच्या आजोबांच्या बोलण्याकडे नसतं. शक्य तिथे दोघांत एक बाई असावी. पाण्याची अडचण, विहिरीवरची गैरसोय, पोरांच्या बोलण्याची तक्रार, या गोष्टी वाडीतल्या बायका पुरुषाला सांगत नाहीत, आणि नेमक्या याच साठत जातात.

पुण्याला गेलेल्यांना मात्र नाव कापून मोकळे होऊ नका. शनिवार-रविवार घरी येतात ते पार्किंगची पाळी करतात, श्रमदानाला येतात, आणि पाळ्यांचा तक्ता, हिशोब, पत्रांचे मसुदे हे काम तिथे बसून होतं.

उलट अडचण सरकारी कार्यालयांची. राज्य सरकारची बहुतेक कार्यालयं २०२०पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत. तुमचे साठ जण मोकळे शनिवार-रविवारी, साहेब भेटणार सोमवार ते शुक्रवार. गटाची पत्रं महिनोन्महिने खिशात राहतात ती आळसाने नव्हे, या साध्या कारणाने. एमआयडीसीत पाळीने काम करणारा, ज्याची दुसरी पाळी दुपारी सुरू होते, असा माणूस तुमच्याकडे नक्की असेल. सकाळी अकराला तो मोकळा असतो. त्याला श्रमदान नको, पार्किंग नको, फक्त कार्यालयाचं काम द्या.

आता वाडीतल्या पोरांचं. तुम्ही लिहिलंय की गावातले तरुण स्वयंसेवक म्हणून येत नाहीत. का यावं त्यांनी? छंद आपला, रविवार आपला, आणि राबायचं त्यांनी? मोहोळाची खबर देणं, गाड्यांवर लक्ष ठेवणं, वाटेची देखभाल, याचे पैसे द्या. ठरवून, वेळेवर, सगळ्यांसमोर. कासचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे: फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क, पार्किंग, मार्गदर्शक हे सगळं आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांच्या हातात दिलं गेलं, आणि गावांना पठार राखण्यात स्वतःचा फायदा दिसला. तिथल्या गर्दीबद्दल, कुंपणाबद्दल माझी मतं आहेत, ती इथे नकोत. पण पैसा गावात राहतो तिथे वाट सहजासहजी बंद होत नाही. ज्या पोराला चढायची हौस असेल त्याला शिकवा, तुमच्या हार्नेसवर (कमरेला बांधायच्या पट्ट्यावर), तुमच्या खर्चाने. तो पुढे स्वयंसेवक झाला तर आपल्या मर्जीने होईल.

माणसं टिकवण्याबद्दल फार सिद्धांत माझ्याकडे नाहीत. काम एका हंगामापुरतं द्या आणि मे महिन्यात प्रत्येकाला विचारा, पुढे धरणार की सोडणार. ‘सोडतो’ म्हणायची सोय ठेवली नाही की लोक न सांगता सोडतात, आणि ते जास्त महागात पडतं. प्रत्येक कामाची एक वही असावी, कागदाची. कोणाला भेटलो, काय बोलणं झालं, कोणाच्या घरी लग्न होतं, कोणाची विहीर कोणती. काम दुसऱ्याकडे गेलं की वही जाते, आणि जुना माणूस नव्याला घेऊन एकदा वाडीत जातो. ग्रुपवरच्या मेसेजमध्ये पुरलेली माहिती सापडत नाही. तो साठ जणांचा ग्रुप असू द्या, पण कामाचा ग्रुप वेगळा करा आणि त्यात फक्त ज्याच्या हातात आज काम आहे तोच ठेवा. आरंभशूरांना वाईट वाटेल. वाटू द्या, काम मागून परत येतील.

नोंदणी पहिल्या वर्षी नको. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याला सात माणसं पुरतात, पण त्यापाठोपाठ धर्मादाय आयुक्तांकडचे बदल अर्ज, दरवर्षीचं लेखापरीक्षण, सभांची इतिवृत्तं येतात. तुमच्या चौघांचा तोच वेळ वाडीत जायला हवा. तोवर जमाखर्चाची वही दोघांच्या सहीने आणि दर महिन्याला सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. मात्र एक सांभाळा: पैसे घेऊन लोकांना चढवायला लागलात की तुम्ही हौशी गट राहत नाही. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१चं आहे आणि नोंदणी, प्रशिक्षित माणसं, सुरक्षेच्या अटी हे सगळं मग लागू होतं. गटाच्या नावावर कोणी शिबिरं भरवत असेल तर आत्ताच थांबवा. स्वयंसेवकांसाठी अपघात विमा काढताना पॉलिसीत साहसी खेळ वगळलेत का ते वाचून घ्या. सहसा वगळलेले असतात.

बोल्टिंगसाठी स्वयंसेवक मागवू नका. हौसेचं हे एकच काम असं आहे की ज्याला गर्दी होते आणि ज्याला गर्दी नको. जमिनीच्या मालकाची संमती, कोणत्या मार्गाला खरंच गरज आहे याचं एकमत, आणि ज्यांनी आधी जाणत्याच्या हाताखाली ठोकलेत असे दोघं-तिघं, एवढं जमल्यावरच. सामान स्टेनलेस स्टीलचं, आणि बोल्ट व हँगर (बोल्टला लावायची, दोर अडकवायची पट्टी) एकाच धातूचे. जस्ताचा मुलामा दिलेल्या बोल्टवर स्टेनलेस हँगर बसवला तर आपल्याकडच्या पावसात तो बोल्ट लवकर गंजतो, आणि बाहेरून दिसतोही बरा, हेच वाईट. माथ्यावर जांभा असेल, जसा महाबळेश्वर-पाचगणीकडे आहे, तर त्यात अँकर नकोच. मागे जाऊन पक्का कातळ शोधा. प्रत्येक बोल्टची तारीख आणि जागा त्याच कागदाच्या वहीत. पाच वर्षांनी तो कोणी तपासायचा, हे नाव ठोकायच्या आधी लिहा. नाव सुचत नसेल तर ठोकू नका.

टी-शर्टचं तुम्ही शेवटी विचारलंय. पहिल्या हंगामात नकोत. एकाच रंगाचे वीस जण एकदम वाडीत उतरले की कंपनी आली असं वाटतं, आणि कंपनी आली की जमिनीचे भाव आणि अपेक्षा दोन्ही वाढतात. तेच पैसे पार्किंगच्या जागी एका चांगल्या फळ्यावर घाला. गाड्या कुठे, वाट कुठून, कोणते मार्ग पक्ष्यांसाठी बंद, आणि त्या दोन ठरलेल्या माणसांची नावं, एवढंच त्यावर. मजकूर आधी सरपंचांना दाखवा आणि फळा कुठे लावायचा ते त्यांनाच ठरवू द्या.